मेल नेमका कुठे अडला ते आधी शोधा, मग कॉन्फिगला हात लावा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. कारखान्याचा जुना मेल सर्व्हर गेल्या शनिवारी बंद केला आणि भाड्याच्या व्हीपीएसवर (आभासी सर्व्हरवर) डेबियन १२ ही लिनक्स प्रणाली, मेल घेणारा-पाठवणारा पोस्टफिक्स आणि मेलबॉक्स व पासवर्ड सांभाळणारा डव्हकॉट बसवलं. पंचवीसेक मेलबॉक्स आहेत. ऑफिसातल्या ऑफिसात मेल जातात-येतात. पण जीमेलला पाठवलेले मेल रांगेत पडून राहतात, बाहेरून येणारे मेल ५५४ म्हणून नाकारले जातात, आणि सेल्सच्या मंडळींना फोनवरून मेल पाठवायला गेलं की पासवर्ड चुकीचा असल्याचं दिसतं. तीन दिवसांत तुम्ही मिळेल तो उपाय मेन.सीएफ ह्या पोस्टफिक्सच्या मुख्य सेटिंग फाइलमध्ये घालून पाहिला, दोनदा पोस्टफिक्स काढून पुन्हा बसवलं, आणि आता त्या फाइलमध्ये मूळचं काय आणि नंतरचं काय हे तुम्हालाही सांगता येत नाही.

तुम्ही पाठवलेल्या लॉगच्या ओळी मी नीट वाचल्या. तीन तक्रारींची कारणं तीन वेगळी आहेत, आणि पहिलीचं कारण तर तुमच्या सर्व्हरवर नाहीच. म्हणजे आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी. मी वीस वर्षं हेच काम करतो आहे आणि सगळ्यात जास्त वेळ वाया जाताना पाहिला आहे तो याच कारणाने: मेल कोणत्या टप्प्यावर अडला हे न पाहता कॉन्फिग बदलत राहणं.

आता सगळ्यात आधी एक ओळ. मेन.सीएफमध्ये सॉफ्ट-बाऊन्स हे सेटिंग येस करा आणि पोस्टफिक्स रिलोड करा. एसएमटीपीमध्ये, म्हणजे मेल सर्व्हर एकमेकांशी बोलतात त्या भाषेत, ४ ने सुरू होणारं उत्तर म्हणजे "आत्ता जमत नाही, नंतर या", आणि ५ ने सुरू होणारं म्हणजे "पुन्हा येऊ नका". तुमचा सर्व्हर आज बाहेरच्या ग्राहकांना ५५४ सांगतो आहे, म्हणजे त्यांचा मेल त्याच क्षणी बाऊन्स होतो, न पोहोचता त्यांच्याकडे परत जातो. सॉफ्ट-बाऊन्स चालू केलं की पोस्टफिक्स ५ च्या जागी ४ चं उत्तर देतो आणि समोरचा सर्व्हर मेल स्वतःच्या रांगेत धरून पुन्हा पुन्हा येत राहतो. तो किती दिवस वाट पाहील हे त्याच्यावर आहे, पण पोस्टफिक्सचा स्वतःचा मूळ ठरावीक काळ ५ दिवसांचा आहे आणि इतर बहुतेक सर्व्हरही काही दिवस थांबतात. ह्या एका ओळीने तुम्हाला दुरुस्तीसाठी वेळ मिळतो. माझ्या एका ग्राहकाकडे मी ही ओळ न घालता डोमेनच्या यादीत बदल केला होता, आणि अर्धा दिवस त्यांच्या चौकशीच्या मेलना "असा वापरकर्ता नाही" असं उत्तर जात राहिलं. त्यातले काही ग्राहक परत आले नाहीत. तेव्हापासून ही ओळ घातल्याशिवाय मी चालू मेल सर्व्हरला हात लावत नाही. एवढं मात्र लक्षात ठेवा की मेल चुकीच्या पत्त्याकडे वळवला जात असेल तर सॉफ्ट-बाऊन्स तिथे वाचवू शकत नाही.

दुसरं म्हणजे ईटीसीतल्या पोस्टफिक्स आणि डव्हकॉटच्या दोन्ही फोल्डरची प्रत काढा, किंवा गिटमध्ये टाका. इथून पुढे एका वेळी एकच बदल.

आता लॉग. तुम्ही लिहिलंय की मेल.लॉग ही फाइलच सापडत नाही. डेबियन १२ पासून लॉग फाइलमध्ये लिहिणारा आरसिसलॉग आपोआप बसत नाही, त्यामुळे व्हार-लॉगमध्ये ती फाइल तयारच होत नाही. लॉग आहे, पण सिस्टीमच्या जर्नलमध्ये, आणि तो जर्नलसीटीएल ह्या आज्ञेने वाचतात. जर्नलसीटीएलला -यू देऊन नुसतं पोस्टफिक्स लिहिलंत तर जवळजवळ काहीच दिसणार नाही, कारण डेबियनमध्ये ते युनिट (सेवेची नोंद) नावापुरतं आहे. खरं काम 'पोस्टफिक्स@-' ह्या नावाच्या युनिटमध्ये चालतं, शेवटच्या उणे चिन्हासकट. दोनदा पोस्टफिक्स पुन्हा बसवण्याची वेळ तुमच्यावर आली ती बहुधा "लॉगच येत नाही" ह्या समजुतीमुळे.

पोस्टफिक्स हा एक प्रोग्रॅम नाही. वीत्से व्हेनेमा यांनी १९९८ मध्ये आयबीएमच्या संशोधन केंद्रात असताना तो लोकांसमोर आणला. त्याआधी सेंडमेल हा एकच मोठा प्रोग्रॅम सगळी कामं अंगावर घेत असे. व्हेनेमांनी ती कामं छोट्या छोट्या प्रोसेसमध्ये वाटून टाकली, प्रत्येकाला गरजेपुरतेच अधिकार दिले. त्यामागे सुरक्षेचा विचार होता, पण बिघाड शोधणाऱ्याला त्याचा मोठा फायदा होतो, कारण लॉगच्या प्रत्येक ओळीत कोणती प्रोसेस बोलते आहे ते लिहिलेलं असतं. एसएमटीपीडी म्हणजे दारावर येणाऱ्याला घेणारा. क्लीनअप मेल नीटनेटका करून रांगेत ठेवतो. क्यूएमजीआर रांग सांभाळतो. एसएमटीपी, शेवटी डी नसलेला, बाहेर घेऊन जाणारा. लोकल, व्हर्च्युअल किंवा एलएमटीपी हे घरातल्या घरात मेलबॉक्सपर्यंत पोहोचवणारे. मेल एसएमटीपीडीने घेतला की त्याला एक क्यू आयडी मिळतो आणि पुढच्या प्रत्येक ओळीत तोच आयडी असतो. एकच मेल निवडा, त्याचा आयडी ग्रेप ह्या आज्ञेने लॉगमध्ये शोधा, आणि वरून खाली वाचा. पोस्टमनने पाकीट कोणत्या घरापर्यंत नेलं ते तिथेच कळतं. आयडीच मिळाला नसेल तर मेल दारातच अडला.

ह्या डी अक्षराने पुष्कळांना फसवलं आहे, आणि तुमच्या मेन.सीएफमध्येही तसं झालंय. एसएमटीपीडीने सुरू होणारी सेटिंग्ज आत येणाऱ्यांसाठी आणि एसएमटीपीने सुरू होणारी बाहेर जाणाऱ्यांसाठी. बाहेर जाणारे मेल अडकतात म्हणून तुम्ही टीएलएसची, म्हणजे जोडणी सुरक्षित करण्याची, चार सेटिंग्ज बदलली आहेत, पण चारही डीवाली.

आता पहिली तक्रार. जीमेलला जाणाऱ्या मेलच्या ओळीत 'कनेक्शन टाइम्ड आउट' आहे, आणि डिलेजमध्ये तिरप्या रेघांनी तोडलेले चार आकडे आहेत. हे आकडे बहुतेक लोक वाचतच नाहीत. पहिला आकडा मेल रांगेपर्यंत पोहोचायला लागलेला वेळ, दुसरा रांगेत गेलेला, तिसरा समोरच्याशी जोडणी करण्यात गेलेला, ज्यात डीएनएस (नावावरून पत्ता शोधणं) आणि टीएलएससुद्धा आलं, आणि चौथा प्रत्यक्ष मेल सोपवण्याचा. तुमच्याकडे तिसरा आकडा १५० आहे, बाकीचे शून्याच्या आसपास. पोस्टफिक्स एका पत्त्यासाठी ३० सेकंद थांबतो आणि एका डोमेनचे जास्तीत जास्त ५ पत्ते वापरून पाहतो. पाच गुणिले तीस म्हणजे दीडशे. म्हणजे पाचही पत्त्यांवर दार वाजवलं आणि एकाही ठिकाणाहून "कोण आहे" एवढंसुद्धा आलं नाही. जीमेलला तुमचा मेल आवडला नसता तर त्याने नकार दिला असता, कारणासह. गप्प बसणं हे रस्ताच बंद असल्याचं लक्षण.

खात्री करून घ्या. सर्व्हरवरून नेटकॅट ह्या जोडणी तपासणाऱ्या साधनाने जीमेलच्या एखाद्या एमएक्सला (मेल घेणाऱ्या सर्व्हरला) पोर्ट २५ वर, म्हणजे सर्व्हर एकमेकांना मेल देतात त्या दारावर, जोडून पहा, मग दुसऱ्या कुठल्या तरी कंपनीच्या एमएक्सला. दोन्हीकडे शांतता असेल, आणि त्याच सर्व्हरवरून पोर्ट ४४३ चालत असेल, तर तुमच्या होस्टिंग कंपनीने बाहेर जाणारा पोर्ट २५ बंद ठेवला आहे. स्पॅमला आळा घालण्यासाठी बऱ्याच क्लाउड कंपन्या नव्या ग्राहकांना तो बंदच देतात. मेन.सीएफमध्ये काहीही लिहिलंत तरी तो उघडणार नाही. त्यांना सपोर्ट तिकीट टाका, कारण सांगा, किती मेल जातात ते सांगा. नाहीच म्हणाले तर एखाद्या रिले सेवेमार्फत, म्हणजे तुमचा मेल पुढे पोहोचवणाऱ्या सेवेमार्फत, पोर्ट ५८७ ने पाठवा. तसं केलंत तर रिलेहोस्टमध्ये सर्व्हरचं नाव चौकटी कंसात लिहा, नाहीतर पोस्टफिक्स त्या नावाचा एमएक्स शोधत बसेल. आणि लॉगिनच्या वेळी "नो वर्दी मेक्स फाउंड" (लॉगिनची योग्य पद्धत सापडली नाही) अशी ओळ आली तर दोन गोष्टी पहा: लिब-सॅसल-२-मॉड्यूल्स हे पॅकेज बसलंय का, आणि एसएमटीपीच्या सॅसल (लॉगिनच्या) सुरक्षा पर्यायांत मूळचं नो-प्लेनटेक्स्ट तसंच राहिलंय का.

पोर्ट उघडला की लगेच रांग पळवू नका. नव्या आयपीवरून पहिलाच मेल जाणार आहे, तो नीट जाऊ द्या. आयपीचं उलट नाव, म्हणजे पीटीआर, तुमच्या डोमेनच्या डीएनएसमध्ये नसतं, ते होस्टिंग कंपनीच्या पॅनेलमध्ये लावावं लागतं. त्यात जे नाव लिहाल तेच नाव पुन्हा त्याच आयपीकडे निघालं पाहिजे, आणि पोस्टफिक्सच्या मायहोस्टनेममध्येही तेच असावं. एसपीएफमध्ये, म्हणजे तुमच्या डोमेनचा मेल कोणते सर्व्हर पाठवू शकतात त्या डीएनएस नोंदीत, जुन्या सर्व्हरचा आयपी अजून आहे, तो बदला. बदलताना हेही मोजा की एसपीएफ तपासायला १० पेक्षा जास्त डीएनएस शोध लागता कामा नयेत, इन्क्लुडवर इन्क्लुड लावत गेलं की ही मर्यादा नकळत ओलांडली जाते. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलला पाठवणाऱ्या प्रत्येकाकडे एसपीएफ किंवा डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही) यांपैकी एक तरी असावं लागतं, आणि दिवसाला ५००० हून जास्त मेल पाठवणाऱ्यांकडे दोन्ही आणि वर डीमार्क, म्हणजे ह्या तपासण्या नापास झाल्या तर काय करायचं ते सांगणारी नोंद. तुमचा आकडा लहान आहे, तरी तिन्ही लावून टाका. आणि व्हीपीएसला आयपीव्ही-६ पत्ता असेल आणि त्याला पीटीआर नसेल, तर जीमेल त्या पत्त्यावरून आलेला मेल नाकारतो. तो लावेपर्यंत पोस्टफिक्सला फक्त आयपीव्ही-४ वापरायला सांगा.

दुसरी तक्रार मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण तिथे कॉन्फिग बघितलं तर चूक दिसतच नाही.

तुमच्या लॉगमध्ये बाहेरच्या प्रत्येक सर्व्हरसाठी एकच मजकूर आहे: झेन.स्पॅमहाऊस.ऑर्ग (स्पॅम पाठवणाऱ्या आयपींची यादी) वापरून अडवला, आणि पुढे "एरर: ओपन रिझॉल्व्हर". तुम्ही मजकुराचा पहिला भाग वाचला आणि ग्राहकांना कळवलं की तुमचा आयपी ब्लॅकलिस्टमध्ये आहे. त्यांचा आयपी ब्लॅकलिस्टमध्ये नाही. सगळं उत्तर शेवटच्या दोन शब्दांत आहे.

ही यादी कशी चालते ते पहा. एखादा सर्व्हर दारावर आला की पोस्टफिक्स त्याचा आयपी उलटा लिहितो, त्यापुढे झेन.स्पॅमहाऊस.ऑर्ग जोडतो आणि ते नाव डीएनएसला विचारतो. आयपी यादीत नसेल तर "असं नाव नाही" हे उत्तर येतं. यादीत असेल तर १२७.०.०.२ सारखा एक पत्ता येतो, आणि शेवटच्या आकड्यावरून कोणती यादी ते कळतं. १० आणि ११ म्हणजे घरगुती वा मोबाइल इंटरनेटचे असे पत्ते, ज्यांनी थेट मेल सर्व्हरशी बोलू नये. पण स्पॅमहाऊस सार्वजनिक डीएनएस रिझॉल्व्हरमार्फत (इतरांसाठी नावं शोधून देणाऱ्या सर्व्हरमार्फत) आलेल्या प्रश्नांना उत्तर देत नाही, कारण प्रश्न कोण विचारतंय हे त्यांना दिसत नाही. अशा वेळी ते एक खुणेचा पत्ता परत पाठवतात: १२७.२५५.२५५.२५४. त्याचा अर्थ "तुम्ही सार्वजनिक रिझॉल्व्हरवरून विचारता आहात". पोस्टफिक्सला मात्र एवढंच सांगितलेलं आहे की काही पत्ता आला तर अडवा. पत्ता आला, अडवला. जगातला प्रत्येक आयपी तुमच्या सर्व्हरला ब्लॅकलिस्टमधला वाटतो आहे.

जुन्या सर्व्हरवर हीच ओळ वर्षानुवर्षं बिनबोभाट चालली, कारण तिथे ऑफिसचा स्वतःचा डीएनएस होता. नव्या व्हीपीएसच्या रिझॉल्व्ह.कॉन्फमध्ये, म्हणजे डीएनएस कुणाला विचारायचं ते सांगणाऱ्या फाइलमध्ये, ८.८.८.८ आहे, तो गूगलचा सार्वजनिक रिझॉल्व्हर. तुम्ही ती ओळ जशीच्या तशी नेली, ती बरोबरच आहे. बदलला तो भोवताल.

सर्व्हरवरूनच डिग ह्या डीएनएस विचारणाऱ्या आज्ञेने २.०.०.१२७.झेन.स्पॅमहाऊस.ऑर्ग विचारा. हा तपासणीसाठी राखलेला पत्ता आहे, तो नेहमी यादीत असतो, म्हणून उत्तरात १२७.०.०.२ दिसायला हवं. १२७.२५५.२५५.२५४ दिसलं तर निदान पक्कं. उपाय म्हणजे त्याच मशीनवर अनबाऊंड हा स्वतःचा रिझॉल्व्हर बसवा, त्याला कुठेही फॉरवर्ड न करता स्वतः शोध घेऊ द्या, आणि रिझॉल्व्ह.कॉन्फमध्ये १२७.०.०.१ लिहा. मग पोस्टफिक्स रिस्टार्ट करा, नुसतं रिलोड पुरणार नाही. डेबियनमध्ये एसएमटीपीडी व्हार-स्पूल-पोस्टफिक्सच्या आत कोंडून, म्हणजे सीएचरूटमध्ये चालतो. तिथे रिझॉल्व्ह.कॉन्फची वेगळी प्रत असते, आणि ती सुरू होण्याच्या वेळी तयार होते. इथे मी स्वतः एकदा दोन तास घालवले आहेत: डिग बरोबर उत्तर देत होता आणि पोस्टफिक्स जुन्याच रिझॉल्व्हरला विचारत होता.

शिवाय त्या आरबीएलच्या, म्हणजे ही ब्लॅकलिस्ट तपासणाऱ्या, ओळीत नावापुढे बरोबरचं चिन्ह (=) देऊन १२७.०.०.[२..११] असं लिहा. मग पोस्टफिक्स फक्त खऱ्या नोंदींनाच नोंद मानेल, आणि उद्या कुणी रिझॉल्व्ह.कॉन्फ पुन्हा बदललं तरी फार तर थोडा स्पॅम आत येईल, ग्राहकाचा मेल परत जाणार नाही.

ही यादी तिसऱ्या तक्रारीतही लुडबुड करू शकते. सेल्सची माणसं मोबाइल डेटावरून येतात, त्यांचे आयपी बहुधा त्या १० किंवा ११ वाल्या यादीत असतात, आणि ते योग्यच आहे. म्हणून लॉगिन केलेल्यांना परवानगी देणारी ओळ, परमिट-सॅसल-ऑथेंटिकेटेड, आरबीएलच्या ओळीच्या वर असली पाहिजे. पोस्टफिक्स यादी वरून खाली वाचतो आणि पहिल्या निर्णायक ओळीला थांबतो. तुमच्या फाइलमध्ये ती ओळ खाली आहे. बदलून घ्या.

पण तुमच्या लोकांना आज "पासवर्ड चुकीचा" दिसतं ते त्यामुळे नाही. लॉगमध्ये स्वच्छ लिहिलंय: प्रायव्हेट/ऑथ शी जोडता आलं नाही, अशी फाइल नाही. पोस्टफिक्स स्वतः पासवर्ड तपासत नाही, डव्हकॉटला विचारतो, आणि विचारायचं दार म्हणजे एक सॉकेट फाइल. तुमच्या डव्हकॉटमध्ये ते सॉकेट व्हार-रन-डव्हकॉटखाली तयार होतं, पोस्टफिक्स मात्र स्वतःच्या स्पूलमधल्या प्रायव्हेट फोल्डरमध्ये शोधतो, आणि सीएचरूटमध्ये असल्याने बाहेरचं त्याला दिसतही नाही. डव्हकॉटच्या १०-मास्टर.कॉन्फमध्ये सर्व्हिस ऑथच्या आत व्हार-स्पूल-पोस्टफिक्स-प्रायव्हेट-ऑथ असा युनिक्स-लिसनर लिहा, मोड ०६६०, यूझर आणि ग्रुप दोन्ही पोस्टफिक्स. पोस्टफिक्सकडे सॅसलचा प्रकार डव्हकॉट आणि पाथ प्रायव्हेट/ऑथ, सुरुवातीला तिरपी रेघ न देता. दोन्ही सेवा रिस्टार्ट.

मग फोन हातात न घेता दोन टप्प्यांत तपासा. आधी डव्हअ‍ॅडमने ऑथ टेस्ट करून वापरकर्ता आणि पासवर्ड द्या. इथे नापास झालं तर प्रश्न डव्हकॉटचाच. ऑथ-व्हर्बोज येस केलंत तर लॉग "अनोळखी वापरकर्ता" म्हणतो की "पासवर्ड जुळत नाही" ते कळेल. सर्व्हर बदलताना पहिलाच प्रकार जास्त होतो, कारण जुन्या सर्व्हरवर लोक नुसत्या नावाने लॉगिन करत होते आणि नव्यावर डोमेनसकट पूर्ण पत्ता लागतो. इथे पास झालं तर ओपनएसएसएलच्या एस-क्लायंटने ५८७ वर स्टार्टटीएलएससह जोडा आणि ईएचएलओ ह्या ओळख देण्याच्या आज्ञेनंतरच्या उत्तरात ऑथची ओळ दिसते का पहा. त्याच खिडकीत पुढे मेल पाठवून पाहणार असाल तर मेल कुणाला ते सांगणारी आरसीपीटीची आज्ञा लहान अक्षरांत लिहा. ओळीच्या सुरुवातीला कॅपिटल आर आला की ओपनएसएसएल ती आज्ञा स्वतःसाठी समजतो आणि टीएलएसची वाटाघाट नव्याने सुरू करतो, कॅपिटल क्यूने तर जोडणीच तोडतो. ह्या एका गोष्टीमुळे चांगला चालणारा सर्व्हर बिघडलेला ठरवणारे मी पुष्कळ पाहिले आहेत.

फोनवर ५८७ ला स्टार्टटीएलएस आणि ४६५ ला एसएसएल/टीएलएस, ही जोडी उलटी लावली तर फोन नुसता फिरत राहतो. मास्टर.सीएफमध्ये, म्हणजे पोस्टफिक्सच्या सेवांच्या फाइलमध्ये, हे दोन्ही पोर्ट मुळात हॅशखाली बंद असतात, ते उघडताना उणे ओ च्या ओळींत बरोबरच्या चिन्हाच्या दोन्ही बाजूंना जागा सोडू नका.

शेवटी ती मेन.सीएफ. ती हाताने साफ करत बसू नका. पोस्टकॉन्फ -एन चालवा, फाइलमध्ये जी सेटिंग्ज प्रत्यक्ष लिहिलेली आहेत तेवढीच तो दाखवतो, आणि नावात टायपो असेल तर "हे सेटिंग कुणी वापरत नाही" अशी सूचनाही देतो. तुमच्या फाइलमध्ये मायनेटवर्क्स, म्हणजे लॉगिनशिवाय मेल पाठवू शकणाऱ्या पत्त्यांची यादी, तीनदा आहे, त्यातलं शेवटचं लागू होतं, आणि त्यात तुम्ही कुणाच्या तरी सांगण्यावरून १७२.१६.०.०/१२ घातलंय. ते आजच काढा. उद्या ह्या मशीनवर डॉकर (प्रोग्रॅम वेगळ्या कप्प्यात चालवणारं साधन) आलं आणि पोस्टफिक्स त्याच्या मागे गेला, तर बाहेरचा प्रत्येक जण १७२ च्या आतल्या पत्त्यावरून आल्यासारखा दिसू शकतो, आणि सर्व्हर ओपन रिले होतो, म्हणजे कुणाचाही मेल पुढे पाठवू लागतो. दुसरं, ओळीच्या सुरुवातीला जागा असेल तर पोस्टफिक्स ती आधीच्या ओळीचाच भाग मानतो. कॉपी-पेस्ट करताना सुटलेल्या अशा एका जागेमुळे तुमचं मायडेस्टिनेशन वरच्या ओळीला चिकटलं आहे. आणि तुमचं डोमेन मायडेस्टिनेशन आणि व्हर्च्युअल-मेलबॉक्स-डोमेन्स या दोन्हींत आहे, ते एकाच ठिकाणी ठेवा. मेलबॉक्स डव्हकॉटच्या यादीतून येत असल्याने तुमच्यासाठी ते दुसरं.

आज रात्री क्रम असा ठेवा: सॉफ्ट-बाऊन्स, प्रत, अनबाऊंड, सॉकेट, मग मेन.सीएफची सफाई. पोर्ट २५ चं तिकीट आत्ताच टाका, त्याला सगळ्यात जास्त वेळ लागेल. रांगेतले मेल पोस्टसुपरने पुसू नका, ते तुमच्या ग्राहकांना लिहिलेली पत्रं आहेत. पोर्ट उघडल्यावर स्वतःच्या जीमेल खात्याला एक मेल पाठवा, तिथे "मूळ दाखवा" उघडून एसपीएफ आणि डीकेआयएम पास आहेत हे पाहा, आणि मगच पोस्टक्यू -एफ एकदा चालवा. दोन दिवस लॉग शांत राहिला की सॉफ्ट-बाऊन्स नो करा. ते येसवर राहिलं तर चुकीच्या पत्त्यावर लिहिणाऱ्या माणसाला मेल पोहोचला नाही हे कितीतरी दिवस कळणारच नाही.